विभागातला फ्रिज आणि साहेबांची उधारी

“काय गं, काल रात्री अकरापर्यंत दिवा जळत होता तुझ्याकडे. पाहुणे आलेत का?”

“पाहुणे कसले काकू, लेकीचा फोन. तिचा हिशेब लागत नव्हता. या ना जरा इकडे कुंपणापाशी, समोरचे जोशी कान देऊन बसलेत.”

“अगं बाई! परदेशात पैशांची भानगड?”

“भानगड कसली, फ्रिज आहे. तिच्या विभागात. जर्मनीत पुष्कळ विद्यापीठांत असतो म्हणे. आत थंड बाटल्या, शेजारच्या फळीवर बिस्किटं-चॉकलेटं, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. गल्ल्यावर कोणी नाही. हवं ते काढायचं आणि फ्रिजच्या दारावर कागद लावलाय, त्यावर आपल्या नावापुढे रेघ मारायची. महिना संपला की रेघा मोजून पैसे गोळा करायचे. त्या कागदाला ‘श्ट्रिशलिस्टं’ म्हणतात.”

“आपल्या वाण्याच्या खातेवहीसारखंच की. फक्त वाणी नाही.”

“वाणी आहे ना! माझी लेक! आधीचा मुलगा पीएचडी आटपून गेला. आता कोण बघणार, असं बैठकीत विचारलं तेव्हा सगळे जमिनीकडे बघायला लागले. ही नवी, हिनं तेवढी मान वर केली.”

“तुझ्यावर गेलीय. सोसायटीचं सेक्रेटरीपण तू असंच गळ्यात घालून घेतलंस.”

“ते राहू द्या. तर हिनं हौसेनं सुरू केलं. खरेदीच्या भावावर पाच-दहा सेंट चढवायचे, त्यातून कॉफीच्या मशीनची दुरुस्ती निघावी. नफा कोणाला नकोच. तरी दर महिन्याला तूट.”

“चोरी होत असणार. पोरं ती.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणे, आई, पोरांच्या रेघा बरोबर असतात. गोंधळ बाटल्यांचा. तिकडे बाटलीवर अनामत असते. त्यांच्या संगणकवाल्यांचं एक लाडकं पेय आहे, ‘क्लब-माटं’. वीस बाटल्यांचा क्रेट. बाटलीला १५ सेंट आणि क्रेटचे दीड युरो अनामत, म्हणजे एका क्रेटमागे साडेचार युरो अडकले. रिकाम्या बाटल्या परत केल्या की ते मिळतात. पण बाटल्या परत येतात कुठे? कोणी नेतं प्रयोगशाळेत, कोणी मीटिंगला, आणि तिथेच त्या राहतात. ही दर शुक्रवारी पिशवी घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडते. एका साहेबांच्या टेबलाखाली आख्खी रांग सापडली.”

“साहेबांच्या?”

“हळू बोला हो! तेच तर सांगायचंय. मोठे प्राध्यापक आहेत. पाहुणा आला की चार बाटल्या काढतात, रेघ मात्र एक. तीही कधी कधी. मनात पाप नाही बिचाऱ्यांच्या. बोलत बोलत फ्रिज उघडतात, बोलत बोलत निघून जातात. आणि ही जाऊन कशी म्हणणार, ‘सर, तुमचे अकरा युरो राहिलेत’? प्रबंधावर सही त्यांचीच व्हायचीय.”

“मग?”

“मग काय, त्यांच्या सेक्रेटरीबाईंना सांगितलं. त्यांनी संध्याकाळच्या आत वसूल करून दिले. अशा बाई प्रत्येक ऑफिसात एक असतात, त्यांच्यावरच जग चाललंय.”

“पण शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं गं…”

“काकू, ते काही तिकडच्या साहेबांपुरतं नाही. लेकीनं मला ‘फ्रीकॉनॉमिक्स’ नावाचं पुस्तक दिलं होतं, लेविट आणि डबनर यांचं. त्यात अमेरिकेतल्या पॉल फेल्डमन यांची गोष्ट आहे. वॉशिंग्टनमधले अर्थतज्ज्ञ. चांगली नोकरी सोडून १९८४ मध्ये ऑफिसांतून बेगल पोचवायला लागले. बेगल म्हणजे मधे भोक असलेला पाव, लांबून मेदूवडा वाटेल. सकाळी बेगल आणि पैशांची टोपली ठेवायची, दुपारच्या जेवणाआधी येऊन पैसे आणि उरलेला माल उचलायचा. पुढे पुढे आठवड्याला ८,४०० बेगल आणि १४० कंपन्या.”

“आणि टोपली?”

“टोपल्यांतले पैसे नाहीसे होऊ लागले. मग त्यांनी फटीच्या लाकडी पेट्या केल्या. वर्षाला सुमारे सात हजार पेट्या ठेवायचे, त्यातली चोरीला जायची जेमतेम एक. गंमत बघा, पेटीला कोणी हात लावत नाही, पण बेगल घेऊन पैसे न टाकणारे रोजचेच! नव्वद टक्क्यांवर वसुली झाली की ती कंपनी प्रामाणिक, ऐंशीच्या खाली गेली की रागावून चिठ्ठी. सगळी वर्षं आकडे लिहून ठेवले त्यांनी. लहान ऑफिसात लोक जास्त नियमानं पैसे देतात, मोठ्यात कमी. हवा छान असली की जास्त, नाताळच्या आसपास कमी.”

“सणाला खर्च असतो हो.”

“आणि एका कंपनीचे तीन मजले होते. सर्वात वरती बडे अधिकारी. तिथे वसुली खालच्या मजल्यांपेक्षा कमी!”

“हं. कामवाली बाई कणीदेखील विचारून नेते, आणि आपल्या गल्लीतले ते बंगलेवाले वर्गणीच्या वेळी घरात नसतात. मी काही नवीन ऐकत नाहीये.”

“न्यूकॅसलच्या विद्यापीठात तर मानसशास्त्रवाल्यांनी आपल्याच विभागावर प्रयोग केला. चहा ३० पेन्स, कॉफी ५०, दूध १०, पैसे पेटीत. मेलिसा बेटसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दरपत्रकाच्या वर एक आठवडा फुलांचं चित्र लावलं, पुढच्या आठवड्यात रोखून बघणारे डोळे. असं दहा आठवडे, आलटून पालटून. कोण किती कप प्यायलं हे कसं कळणार? म्हणून दूध किती संपलं ते मोजलं.”

“ही बाईच्या डोक्यातली युक्ती. पुरुषाला दूध संपलेलं दिसत नाही.”

“डोळ्यांच्या आठवड्यांत दुधाच्या मानानं पावणेतीन पट पैसे जमले. २००६ मध्ये छापून आलं ते. पुढे बाकीच्यांनी असले प्रयोग केले, त्या सगळ्यांना काही हा चमत्कार दिसला नाही. पण लेकीनं आपल्या मांजराचा फोटो फ्रिजवर लावलाच.”

“फरक पडला?”

“लोक मांजराचं नाव विचारतात, रेघ विसरतात.”

“मग कॅमेरा लावा म्हणावं.”

“अहो, यंत्रांची हौस पूर्वीच्यांनी फेडून घेतलीय. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागाचं कोकचं मशीन होतं. आवारातल्या दुसऱ्या मशीनपेक्षा स्वस्त, आणि भरायचे पीएचडीचे विद्यार्थी, सवड होईल तेव्हा. विभाग पसरला, खोल्या लांब गेल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत तंगडतोड करावी तर मशीन रिकामं, नाहीतर बाटली नुकतीच ठेवलेली, गरम. तर पोरांनी आत बटणं बसवून मशीन विभागाच्या मोठ्या संगणकाला जोडलं. कोणत्या रांगेत बाटली आहे, किती वेळापासून आहे, सगळं खोलीत बसून दिसायचं. इंटरनेट घराघरात येण्याच्या कितीतरी आधी! आजकाल घड्याळापासून पंख्यापर्यंत सगळं नेटवर असतं ना, त्या खानदानाचा मूळपुरुष म्हणून या मशीनचं नाव घेतात.”

“म्हणजे मशीन रिकामं आहे हे बघायला एवढी अक्कल लढवली, पण उठून भरायला कोणी नाही!”

“काकू, माझी लेक रात्री अकरापर्यंत हेच रडत होती हो. पैशांची तूट ती भरून काढेल. भाव पाच सेंटांनी वाढवले की झालं. पण क्रेट उचलायला हीच, बाटल्या वेचायला हीच, दूध फाटलं की फ्रिज पुसायलाही हीच. कागदावर चाळीस नावं आहेत, वर लिहिलंय ‘आपलं सर्वांचं दुकान’. मी म्हटलं, दे सोडून. तर म्हणते, सोडलं तर बंद पडेल, आणि रात्री कामाला थांबणाऱ्या पोरांना बाहेर काही मिळत नाही.”

“अगं, आमचा नातूही पुण्यात प्रयोगशाळेत असलंच काहीतरी काढतोय. वेफर्स, ताक, चिक्की. क्यूआर कोड चिकटवणार म्हणे फ्रिजवर.”

“मग सोबत तो बोलका डबा ठेवायला सांगा, भाजीवाल्याकडे असतो तो. ‘वीस रुपये प्राप्त झाले’ असं खोलीभर ओरडला की न्यूकॅसलच्या डोळ्यांची गरज नाही. ताक उचललं आणि डबा गप्प राहिला, तर चार माना वळतील. सुट्टे नाहीत ही सबब गेली, आता फक्त ‘नेट नाही’ उरली.”

“आणि त्याचे साहेब?”

“साहेबांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे. पहिल्याच दिवशी, सगळ्यांदेखत, हसत हसत. मागून मागायला गेलं की तोंड उघडत नाही.”

“आजच फोन करते. आणि त्याला हेही बजावते, यादीत नाव घालायचं तर आधी आठवड्यातला एक वार सांग, माल आणायचा आणि फ्रिज पुसायचा. वार न सांगणाऱ्यानं कॅन्टीनला जावं.”