आमच्याकडचं समरकंद

समरकंद पायी पाहून आल्यापासून नागपूरच्या मनीषनगरातले ओळखीचे लोक मला बघून रस्ता बदलतात. फुटपाथही बदलला असता, पण त्यासाठी आधी तो असावा लागतो.

त्यांना आज जो छळ नुसता ऐकूनच नकोसा होतो, तो तिथल्या गाईड मुलीनं सकाळभर हसतमुखानं सोसला. चालत चालत शहर दाखवणं हा तिचा धंदा आणि दिसेल त्या गोष्टीवर 'आमच्याकडे' म्हणून सुरुवात करणं हा माझा. रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे, उलुगबेगचा 1420 सालचा, बाकीचे दोन सतराव्या शतकातले. वर बघता बघता टोपी पडते. शेरदोर मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारे सिंह आहेत, पण अंगावर पट्टे. मी लगेच सांगितलं, आमच्याकडे ताडोब्यात हेच जनावर जिप्सीसमोर येऊन बसतं. शिवाय भारताचा मध्य आमच्या नागपुरात मानतात, झीरो माइलला, हेही कळवलं.

"तिथे काय आहे?" तिनं विचारलं.

"एक खांब आणि चार घोडे."

तिनं एकदा त्या निळ्या घुमटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "व्हेरी नाइस" म्हणाली. बायको कानाशी पुटपुटली, "काहून लाज काढता जी?"

तिथून बीबी खानुमच्या मशिदीकडे जाणारा रस्ता चालणाऱ्यांचा आहे. फरसबंदी, झाडं, बसायला बाकं. आज्या नातवंडांचं बोट धरून भर रस्त्यातून चालल्या होत्या आणि मागून कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. इथे मात्र माझं 'आमच्याकडे' घशातच अडकलं. मनीषनगरच्या माणसाला सराव होता तो रेल्वे फाटकापाशी ताटकळण्याचा. पुढे पूल झाला, गाड्या सुटल्या. पायी चालणारा अजून नालीच्या झाकणावरून, उभ्या स्कूटरींच्या फटीतून, ठेल्याला वळसा घालत भाजी आणायला जातो. सत्तरीतली माणसं कार काढून बागेत जातात, तिथे गोल गोल चालतात आणि कारनं परत येतात. यावर मला विनोद सुचत नाही.

मशिदीला लागून सियाब बाजार. रोटीवाल्यानं छातीवर हात ठेवून "हिंदुस्तान? राज कपूर!" म्हटलं आणि मी जणू 'आवारा'चा निर्माता असल्यासारखी मान लववली. मागून येणाऱ्या गुजराती काकांनाही त्यानं तेच म्हटलं, तेव्हा जरा वाईट वाटलं. तेवढ्यात बायकोनं खरबुजाची फोड हातात दिली. काटोल-वरुडच्या संत्र्यांवरचं माझं भाषण तयार होतं, पण तोंड रसानं भरलेलं. आणि मला बाबर आठवला.

आता बाबराचं थोडं ऐकाच. चौदाव्या वर्षी, 1497 साली, या पोरानं समरकंद जिंकलं आणि शंभर दिवसांत घालवलं. पुन्हा जिंकलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदाही तेच. मग 1526 साली पानिपत मारून अख्खी दिल्ली-आग्रा हाती आली, तर हा गडी 'बाबरनाम्या'त काय लिहितो? हिंदुस्तानात चांगली द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, बाजारात धड रोटी मिळत नाही, हमाम नाही, मेणबत्ती नाही! हिंजवडीत नोकरी लागलेला नागपूरचा पोरगा पुण्याबद्दल हेच बोलतो, फक्त खरबुजाच्या जागी तर्री-पोहे. राज्य मिळालं, पगार मिळाला, पण जिभेचं काय? बाबरापुढे एकदा खरबूज आणलं गेलं. ते कापताना आणि खाताना त्याला रडू आवरेना, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. शेवटी आग्र्यात खरबुजं लावली. मेल्यावर त्याला आधी आग्र्यात आणि नंतर काबूलला पुरलं. समरकंद लांबच राहिलं.

एवढा मोठा बादशहा, पण त्याची वही म्हणजे एक भलंमोठं 'आमच्याकडे'च! तिथे बाजारात उभ्या उभ्या मला माझ्या बढाईचा फार अभिमान वाटला. थेट तैमुरी परंपरा होती ती.

फरक एवढाच की मला रविवारी परत जायचं होतं. बाबराला जाता आलं नाही. आमच्या पोरालाही फारसं येता येत नाही. पुण्याहून फोन आला की तो सांबारवडीचं रडगाणं लावतो आणि मी दरवेळी ऐकवत आलो, की जिथे राहतोस तिथलं खा. बाबराला हे कोणी ऐकवलं असतं तर ऐकवणाऱ्याचं मुंडकं राहिलं नसतं.

परवा पोराचा फोन आला. समरकंदच्या त्या रस्त्याचं मी रंगवून सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, "ते ठीक आहे बाबा, पण संध्याकाळी आपल्या मनीषनगरात चालायची मजा काही औरच! मी इथे सगळ्यांना सांगतो."

कोपऱ्यावरून दूध आणायलाही हा मुलगा गाडी काढत असे. मी म्हटलं, "अगदी खरं आहे," आणि दुसऱ्या दिवशी त्याला संत्रा बर्फी कुरिअर केली.