बाबांचा पगार आणि कोबोल

१९९७-९८च्या सुमाराला कॉमर्सच्या मुलांकडे लोक जरा आदराने बघायला लागले. त्याचं सगळं श्रेय वायटूकेला. जागा वाचवण्यासाठी जगभरच्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी साल दोनच आकड्यांत लिहून ठेवलं होतं, त्यामुळे २००० उजाडलं की संगणक त्याला १९०० समजणार होते. हा घोळ निस्तरायला कोबोल ही संगणकाची भाषा येणारी माणसं हवी होती. ही बातमी मुंबई-पुण्याहून साताऱ्यापर्यंत येता येता आटून एवढीच उरली : कोबोल केलं की अमेरिका. शेजारच्या काकूंचा भाचा तर खरोखरच गेला होता. काकू त्याचा फोटो पदराखाली घेऊन हिंडत होत्या.

आमच्या कॉलेजनेही संध्याकाळचा कोर्स काढला. व्यवसायासाठी संगणक प्रोग्रॅमिंग, प्राथमिक. बाबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. त्यांनी फी भरली, पावती फाइलला लावली आणि फाइलवर माझं नाव घातलं. आमच्या घरात माणसाची फाइल उघडली, की त्याचं काही खरं नसतं.

पहिल्या तासाला सरांनी इतिहास सांगितला. १९५९ साली अमेरिकेत पेंटागॉनमध्ये बैठक झाली, समिती नेमली गेली आणि त्या समितीने कोबोल घडवली. तिच्यावर मोठी छाप होती ती नौदलातल्या ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची. बाईंचं म्हणणं असं, की व्यापार-कचेरीतल्या माणसांना गणिताच्या खुणा नकोत, त्यांना साध्या इंग्रजीत लिहू द्या. म्हणजे अधिक-उणेच्या जागी ‘अ‍ॅड’, ‘सबट्रॅक्ट’ असे शब्द. प्रोग्रॅम साहेबालाही वाचता यावा, हा हेतू. (साहेबाने तो कधी वाचला असेल असं मला वाटत नाही. बाबांचा तीस वर्षांचा अनुभव असा, की साहेब फक्त सही कुठे करायची तेवढं बघतो.) मी मराठी माध्यमाचा. मला अधिक-उणेच्या खुणा उत्तम येत होत्या, माझी अडचण साध्या इंग्रजीचीच होती.

पण घरी येऊन वही उघडली आणि धीर आला. कोबोलचा प्रोग्रॅम म्हणजे सरळसरळ सरकारी फाइल होती! आधी आयडेंटिफिकेशन डिव्हिजन, म्हणजे अर्जदाराचं नाव. मग एन्व्हायर्नमेंट डिव्हिजन, कुठल्या यंत्रावर काम होणार ते. मग डेटा डिव्हिजन, म्हणजे सोबतची सगळी परिशिष्टं. आणि हे सगळं रीतसर भरून झाल्यावर, अगदी शेवटी, प्रोसिजर डिव्हिजन, म्हणजे मूळ काम. दोन आकड्यांची बेरीज करायला दीड पान. बाबांनी वही चाळली आणि म्हणाले, “शिस्तीची भाषा आहे. जमेल तुला.” मलाही तसंच वाटलं. तीन पिढ्यांचं कारकुनी रक्त आहे, म्हटलं, आणखी काय लागतं?

रकाने लागतात. पंचकार्डाच्या जमान्याची आठवण म्हणून ओळ ऐंशी रकान्यांची. पहिले सहा ओळीच्या क्रमांकाचे. सातव्यात फुली असेल तर ती ओळ नुसती टीप. शीर्षकं आठव्यापासून, हुकूम बाराव्यापासून आणि बहात्तरच्या पुढे काही लिहिलंत तर ते तिथे पडून राहतं, कुणी बघत नाही. मी हुकूम अकराव्यात सुरू करायचो. एका रकान्याने काय बिघडतं, असं मी सरांना विचारलंही. सर म्हणाले, “घरी वडलांना विचार.” मी विचारलं नाही.

लॅब होती कॉलेजच्या गच्चीखाली. एसी संगणकांसाठी, आम्हाला तो फुकटात मिळे. चपला बाहेर काढायच्या, कारण धूळ आत आली तर यंत्र बिघडतं. यंत्र कधी बिघडलं नाही, चपला मात्र बदलून जायच्या. एका संगणकावर दोघं, त्यातला एक टंकणार, दुसरा चुका काढणार. माझा जोडीदार चुका काढण्यात वाकबगार होता आणि मी त्याला कधी कामाविना ठेवलं नाही. प्रोग्रॅम आम्ही वर्डस्टारमध्ये लिहायचो. तिथे फाइल उघडायच्या दोन तऱ्हा होत्या, डॉक्युमेंट आणि नॉन-डॉक्युमेंट. प्रोग्रॅमसाठी दुसरी वापरायची, नाहीतर वर्डस्टार अक्षरांत स्वतःच्या छुप्या खुणा घालून ठेवतं. मला वाटलं, आपला प्रोग्रॅम म्हणजे डॉक्युमेंटच की. कंपायलरने त्यावर दीडेकशे चुकांची यादी दिली. पडद्यावर तर सगळं शुद्ध दिसत होतं. जोडीदार म्हणाला, “तुझ्या स्पेलिंगचा दोष नाही, हे पहिल्यांदाच बघतोय.”

ते निस्तरलं, आणि मग पूर्णविरामाने गाठलं. कोबोलमध्ये वाक्य संपलं की टिंब द्यायचं. ‘इफ’ लिहून अट घातली आणि तिच्या कामाशेवटी टिंब विसरलं, तर पुढचं सगळं, पुढच्या टिंबापर्यंत, त्या अटीतच मोडतं. माझा प्रोग्रॅम दहा कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकाचा होता. मूळ वेतन पाच हजारांच्या वर असेल तर एक जादा कपात करायची, एवढंच. मी टिंब विसरलो. मग पाच हजारांच्या वरच्यांची कपात झाली, पगाराची चिठ्ठीही छापून आली, आणि खालच्या सगळ्यांना काहीच मिळालं नाही. कंपायलरची तक्रार नाही, व्याकरण चोख. शिपाई, चौकीदार आणि झाडूवाली बाई एका टिंबापायी बिनपगारी! सरांनी कागद वर धरून वर्गाला दाखवला आणि म्हणाले, “हा मुलगा अर्थखात्यात चमकेल.”

हे होऊनही परीक्षेच्या प्रोजेक्टसाठी मी पगारपत्रकच घेतलं. तेवढाच विषय घरात उपलब्ध होता. त्याच महिन्यात बाबांचा एकूण पगार नोकरीत पहिल्यांदा दहा हजारांवर गेला होता : १०,२४०. आईने शिरा केला होता. म्हटलं, बाबांचीच चिठ्ठी छापून त्यांना चकित करावं.

कोबोलमध्ये प्रत्येक रकमेला किती आकड्यांची जागा, ते आधी लिहून द्यावं लागतं. मी वर्षाच्या सुरुवातीच्या वहीतून उतरवलं : पिक्चर ९(४). म्हणजे चार आकडे. आता पाच आकडी रक्कम चारांच्या खणात गेली, तर कोबोल डावीकडचा आकडा गपचूप टाकून देते. बेरजेला ‘ऑन साइज एरर’ जोडून रक्कम मावत नसल्याची सूचना मिळवायची सोय आहे, पण ती आपण मागितली तरच. मी मागितली नव्हती. आणखी एक : खणाच्या पुढे ‘एस’ लिहिला नाही, तर उणे चिन्ह साठत नाही. तोही मी लिहिला नव्हता.

हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर डॉट मॅट्रिक्सने करकरत चिठ्ठी छापली. मी बघितलीही नाही, थेट घरी नेली. बाबांनी चष्मा लावला. एकूण पगार रुपये २४०. कपात रुपये १,१००. हातात मिळणार रुपये ८६०.

घरात शांतता. मग बाबांनी खिशातलं लाल पेन काढलं (ते घरीसुद्धा खिशातच असे), तिन्ही आकड्यांखाली एकेक रेघ मारली आणि आईला हाक मारली, “अगं, इकडे ये. दोनशे चाळीसातून अकराशे वजा केले आणि आठशे साठ शिल्लक राहिले. मी उगाच एवढी वर्षं ताळमेळ घालत बसलो.” आईने विचारलं, “म्हणजे वाढला का कमी झाला?” बाबा म्हणाले, “ते ऑडिटवाले ठरवतील.” समासात त्यांनी ‘फेरसादर करावे’ असं लिहून सही केली आणि कागद माझ्या फाइलला लावला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, “कोबोलबद्दल आणखी काही माहिती?” मला एकच माहिती पक्की होती. ती सांगितली : १९६० साली, भाषा अजून तयार होत असतानाच, कामाच्या संथपणाला वैतागून हॉवर्ड ब्रॉमबर्ग नावाच्या समितीतल्याच गृहस्थाने ‘कोबोल’ कोरलेला संगमरवरी थडग्याचा दगड विकत घेतला आणि समितीच्या वरिष्ठांना पाठवून दिला. परीक्षक हसले. मी पास झालो, तो बहुधा त्या दगडावर.

पुढे वायटूके माझ्याशिवाय पार पडलं. मी बँकेची परीक्षा दिली, आणि आता मी दिवसभर ज्या पडद्यासमोर बसतो, त्यामागे कुठेतरी कोण चालतंय याची मी चौकशी करत नाही. कारण त्या दगडाखाली कुणीच गेलं नाही. २०२० साली कोरोनात बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीला या, असं जाहीर आवाहन केलं. चाळीसेक वर्षं जुनी यंत्रणा होती म्हणे. ती बातमी शेजारच्या काकूंनीच मला कापून आणून दिली, “तू पण केलं होतंस ना रे?” म्हणत.

वाचकांपैकी कुणाचा न्यू जर्सीशी संबंध असेल, तर एवढीच विनंती : माझं नाव सुचवू नका. तिथे लोक आधीच अडचणीत आहेत.