संशयित काचबिंदू: नव्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी सूचना

तुमच्याकडे पदवी आहे, स्लिट लॅम्प आहे आणि बाहेरच्या बाकांवर पंधरा माणसं बसली आहेत, असं इथे गृहीत धरलं आहे. वेळही लागतो, पण तो कोणाकडेच नसतो. त्याच्याशिवाय पुढे वाचावं.

पायरी पहिली: पेशंटला जाऊ न देणे

काचबिंदूचा संशयित काचबिंदूसाठी येत नाही. पेपर हात लांब करून वाचावा लागतो म्हणून तो येतो आणि चष्मा संध्याकाळपर्यंत मिळेल का, एवढंच विचारतो. त्याला दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं. भारतातल्या सर्वेक्षणांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तो असल्याचा पत्ताच नव्हता, तो यामुळेच. नंबर काढून झाला की तो उठू लागेल. बसवून ठेवा. तो घड्याळ बघेल. बघू द्या.

आता घरच्यांची चौकशी. 'कोणाला काचबिंदू होता का?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे: 'आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.' इथे बहुतेक नवशिके 'नाही' वर खूण करून पुढे जातात. तुम्ही विचारा, 'ऑपरेशननंतर दिसायला लागलं का?' 'नाही, उशीर झाला होता म्हणाले,' असं उत्तर आलं तर खूण खोडा. मग विचारा, डोळे लाल झाले की काय घालता? मेडिकलमधून विनाचिठ्ठी आणलेली बाटली दाखवायला सांगा. तिच्यात स्टेरॉइड असेल आणि ती महिनोन्‌महिने चालू असेल, तर दाब वाढायला तेवढं कारण पुरतं. खाज सुटते म्हणून वर्षानुवर्षं असे थेंब घालणारी शाळकरी मुलंही याच रांगेत असतात.

पायरी दुसरी: दाब

फुंकर मारणारं यंत्र पटकन आकडा देतं. त्या फुंकरीने पेशंट दचकतो आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आधीच पापण्या आवळून बसतो. म्हणून संशय आला की गोल्डमान. डोळा बधिर करा, फ्लुरेसिन लावा, निळा उजेड टाका आणि दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत चकती फिरवा. तोवर पेशंट श्वास रोखून बसलेला असतो, शर्टाची वरची गुंडी गळ्याशी आवळलेली असते आणि पापणी वर धरताना तुमचं बोट डोळ्यावर दाबलेलं असतं. या तिन्हींनी आकडा वाढतो. २६ आला म्हणून कपाळाला आठ्या घालण्याआधी बोट काढा.

आकडा लिहिताना वेळ आणि यंत्रही लिहा. सकाळी नऊचा दाब आणि संध्याकाळी सहाचा दाब हे एकाच डोळ्याचे असले तरी सारखे नसतात. कॉर्नियाची जाडीही मोजा. गोल्डमानचं गणित साधारण ५२० मायक्रॉनवर बेतलेलं आहे. कॉर्निया बराच पातळ असेल तर १८ हा आकडाही उगाच धीर देणारा असू शकतो.

आणि २१ या आकड्याची पूजा करू नका. ती इंग्लंडमध्ये करून झाली आहे. २००९ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेची काचबिंदूविषयी मार्गदर्शिका आली आणि ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींनी २१ च्या वर दाब दिसला की पेशंट थेट इस्पितळात पाठवायला सुरुवात केली. बाह्यरुग्ण विभाग निरोगी माणसांनी भरून गेले. २०१७ मध्ये हा उंबरठा २४ वर नेण्यात आला. तपासणाऱ्याने आपली शंका स्वतःच एकदा पुन्हा तपासली असती, तर त्यातली कितीतरी माणसं त्या दिवशी कामावर गेली असती.

पायरी तिसरी: कोन (ही सगळेच गाळतात)

गोनिओस्कोपी गाळण्याची कारणं तयार असतात: लेन्स सापडत नाही, पेशंट डोळा मिटतो, ओसीटी तर करणारच आहोत. पण बुबुळाच्या कडेचा कोन उघडा की अरुंद, हे ओसीटीचा नसांचा रंगीत तक्ता सांगत नाही. ते अंधाऱ्या खोलीत आरशाच्या लेन्समधून बघावं लागतं. आपल्याकडे अरुंद कोनाची माणसं पुष्कळ. न बघताच बाहुली मोठी करणारे थेंब घातलेत तर एखाद्याला रात्री डोकं फुटेस्तोवर दुखेल, उलट्या होतील आणि घरचे 'पित्त झालंय' म्हणून त्याला सोडा पाजतील. तेव्हा आधी दाब, मग कोन, मग थेंब. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

पायरी चौथी: नस आणि यंत्रं

नसेचा खळगा मोठा दिसला की हात थरथरतात. आधी नस केवढी आहे ते बघा. मोठ्या नसेला मोठा खळगा शोभतो. छोट्या नसेतला मध्यम खळगा जास्त वाईट. कडेला खाच किंवा बारीकसा रक्ताचा ठिपका दिसला तर चित्र काढा. कितीही वेडंवाकडं आलं तरी '०.६' या आकड्यापेक्षा ते पुढच्या माणसाला जास्त सांगेल.

ओसीटीच्या लाल रंगावर पेशंटचे नातेवाईक फार विश्वास ठेवतात. तुम्ही ठेवू नका. उणे आठ नंबरचा डोळा निरोगी असूनही यंत्राला लाल दिसू शकतो, कारण यंत्राच्या पोटातली तुलनेची माणसं तशी नाहीत.

फील्ड टेस्टचं शिक्षण मात्र निगुतीने घ्या, कारण तिथे पेशंट आणि तुम्ही दोघेही परीक्षेला बसता. 'पिवळ्या दिव्याकडेच बघा, बाजूला काही चमकलं की बटण दाबा' हे वाक्य तीनदा सांगा. तरीही काही जण चमकलेला ठिपका शोधत डोळे फिरवतील. काही जण न चमकताच तालात बटण दाबतील. पाचव्या मिनिटाला एखादा पेंगेल. सैल पापणी वरचा भाग काळा करते, चष्म्याच्या भिंगाची चौकट कडा काळ्या करते. पहिला अहवाल बहुधा पेशंटच्या गोंधळाचा असतो, नसेचा नव्हे. तो फाडू नका, पण त्यावर निकालही देऊ नका. दुसऱ्यांदा करा. आणि मध्येच फोन घ्यायला बाहेर जाऊ नका.

पायरी पाचवी: उत्तर देणे

पेशंट विचारेल, 'मग मला काचबिंदू आहे की नाही?' अमेरिकेत २४ ते ३२ दाबाच्या, पण नस शाबूत असलेल्या माणसांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. थेंब न घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घेतलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे घाबरवायलाही आधार नाही आणि 'काही नाही हो' म्हणायलाही नाही. थेंब चालू करायचे की नाही ते नेत्रतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही एवढंच सांगा की आज नक्की सांगता येत नाही, पण गेलेली नजर परत येत नाही म्हणून परत या. मोतीबिंदू पूर्वी 'पिकू' देत, तसा हा पिकू द्यायचा नसतो, हेही सांगा. नाहीतर तो पिकायची वाट बघत बसेल.

एवढं सांगूनही तो तुमच्याकडे परत येईलच असं नाही. सहा महिन्यांनी मेहुणा सांगेल त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईल आणि तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होईल. म्हणून दाबाचे आकडे, नसेचं चित्र, फील्डचे दोन्ही अहवाल त्याच्या हातात द्या. फुंकरीच्या यंत्राची ती चिमुकली चिठ्ठी द्यायची असेल तर आधी झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरचे आकडे पुसट होत जातात.