सिनेमातला प्राणी घरी आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शिका वढू बुद्रुक आणि पंचक्रोशीतल्या, म्हणजे आपटी, तुळापूर, कोरेगाव भीमा, सणसवाडी इथल्या कुटुंबांसाठी आहे. त्यातही ज्यांच्या घरी काल रात्री टीव्हीवर प्राण्याचा सिनेमा लागला होता आणि आज सकाळपासून पोरानं जेवण सोडलंय, त्यांनी ती आधी वाचावी. पोराचं वय पाच ते पन्नासच्या दरम्यान काहीही असू शकतं.

पूर्वतयारी म्हणून तोच सिनेमा पुन्हा एकदा पाहावा. या खेपेला नायकाकडे न बघता प्राण्याकडे बघावं आणि वहीत लिहून काढावं: तो काय खातो, कुठे घाण करतो, आजारी पडला की कुणाला रजा टाकावी लागते, आणि घरचे झाडून सगळे लग्नाला गेले की त्याच्यापाशी कोण थांबतं. तीन तासांनी वही कोरी निघेल. ती सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी.

आता निवड. बहुतेकांची सुरुवात कुत्र्यापासून होते. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधल्या टफीनं क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी केली. शेवटी नायकाला द्यायची चिठ्ठी त्याच्या मोठ्या भावाच्या हाती देऊन त्यानं अख्ख्या खानदानाच्या लग्नाचा घोळ निस्तरला. टपाल खात्यात अशा कामाला निलंबन आहे. सिनेमात त्याला देवाची कृपा म्हणतात. त्या आधी ‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) मधल्या मोतीनं धन्याच्या खुन्यांना एकेक करून गाठलं होतं. म्हणजे आपल्या लोकांच्या मनात कुत्र्याची दोन कामं पक्की झाली: गोरा असेल तर लग्न जुळवायचं, काळा-तपकिरी असेल तर सूड घ्यायचा. रात्रभर भुंकणं, ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन फाडणं आणि पाहुण्यांची नेमकी डावी चप्पल नेणं ही त्याची खरी कामं कुठल्याही पटकथेत आली नाहीत.

हा आजार एकट्या वढूचा नाही. अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदणीवरून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गाजलेल्या सिनेमात जी जात दिसते तिची मागणी दहा-दहा वर्षं चढी राहते, असं त्यात दिसलं. सिनेमा थिएटरातून जातो, कुत्रा घरात राहतो. आपल्याकडे २००३ साली मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे-मागे चालला आणि पुढची कितीतरी वर्षं पुण्यात पग दिसत राहिले. पगाचं नाक इतकं चपटं, की उन्हाळ्यात दोन पावलं चालला तरी धापा टाकतो. जाहिरातीतल्यासारखा मागे येण्यापेक्षा त्याला उचलून न्यावं लागण्याचाच संभव जास्त.

सध्या मागणी हस्कीला आहे. इंग्रजी मालिकेतले लांडगे पाहून ही मागणी आली. हस्की मूळचा सैबेरियाचा, अंगावर दुहेरी केसांचा कोट. एप्रिलमध्ये नगर रोडवर जे ऊन पडतं, त्यात आपण उपरण्याचा बोळा डोक्यावर ठेवून चालतो. हा बिचारा गोधडी पांघरूनच जन्माला आलेला. पुढील संवाद घरात होऊ द्यावा, खर्च वाचतो:

“आजी, आपण हस्की घेऊ गं.”

“काय खातंय ते?”

“त्याचं वेगळं खाणं मिळतं. पिशवीत.”

“आन् दूध किती देतंय?”

“आजी, कुत्राय तो.”

“मग राखण करंल.”

“नाही, तो कुणावर भुंकत नाही. सगळ्यांचे लाड करून घेतो. त्याला फक्त एसी लागतो.”

“आरं, मग तुझ्या चुलत्यानं काय वाईट केलंय? त्यालाच ठिव की.”

या टप्प्यावर नव्वद टक्के प्रकरणं निकाली निघतात (हा आकडा आजींचा आहे). उरलेल्यांनी गावठी पिल्लू घ्यावं. फुकट मिळतं आणि ऊन-पाऊस मानवतो. लस मात्र गावठीला नको, ही समजूत सोडावी. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसे डोस आणि दरवर्षी एक. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचत नाही, आणि तिथं टफीसुद्धा चिठ्ठी घेऊन येणार नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची हे स्वयंपाकघरातच राहू द्यावं.

कबुतराकडे वळू. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) पाहून ज्यांनी गच्चीवर खुराडं बांधलं, त्यांतले बरेच जण आता आजोबा झालेत आणि त्यांचं पत्र अजून पोचायचंय. कारण साधं आहे. निरोप्या कबुतर कुठेही सोडा, ते आपल्या घरी परत येतं. एवढंच त्याला येतं. तुम्ही वढूत पाळलेलं कबुतर तळेगाव ढमढेऱ्याच्या मुलीकडे चिठ्ठी नेणार नाही. त्यासाठी आधी तिच्या घरी वाढलेलं कबुतर तुमच्याकडे आणायला हवं, म्हणजे तुमचं कुणीतरी तिच्या घरी जायला हवं, आणि गेलंच तर चिठ्ठी हातानं द्यायला काय हरकत होती? ओडिशाच्या पोलीस खात्यानं कबुतरांची टपालसेवा पूरग्रस्त भागांसाठी कितीतरी वर्षं चालवली. पण तिथं प्रेमप्रकरण नव्हतं आणि प्रशिक्षित शिपाई होते.

नाग. इथं मार्गदर्शिकेला घाई आहे, कारण इथं मार्गदर्शन करणं हाच गुन्हा व्हायचा. ‘नागिन’ (१९७६) आणि ‘दूध का कर्ज’ (१९९०) यांनी नागाला दूध, पुंगी आणि स्मरणशक्ती अशा तीन गोष्टी बहाल केल्या. दूध हे त्याचं अन्न नाही; नागपंचमीला तो पितो तेव्हा गारुड्यानं त्याला आधी कित्येक दिवस कोरडा ठेवलेला असतो. त्याला बाहेरचा कान नाही, तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तिच्या हलण्यावर डोलतो. आणि सूड घ्यायला तुमचा चेहरा लक्षात ठेवण्याइतकी त्याला फुरसत नाही, त्याला उंदीर शोधायचा असतो. आपल्या उसात नागापेक्षा घोणस जास्त त्रास देते, आणि तिच्यावर मात्र आजवर कुणी गाणं चित्रित केलं नाही. ज्यांना सापाच्या सहवासाची ओढ अनावर असेल त्यांनी कात्रजला जावं. ते सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. साप उगाच चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. हे एकदा दाखवून झालं आहे. आता ते पुन्हा दाखवायला तुमच्या मेहुण्याची गरज नाही. चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, ग्रामीण रुग्णालयात.

घुबड आणि पोपट एकाच पिशवीत घालू, कारण कायदा दोघांना सारखाच लागतो. २०१० साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा काही दोष हॅरी पॉटरला दिला होता. शहरातली मुलं पांढरं घुबड मागत होती म्हणे. वढूत याची गरजच नाही. पिंगळा दारातल्या चिंचेवर बसलेला असतो, गव्हाणी घुबड रात्रभर फुकटात शेतातले उंदीर टिपतं. त्याला पिंजऱ्यात घालून उंदीर स्वतः आणून देणं म्हणजे गड्याला बसवून आपण खुरपायला जाणं. पोपटाचंही तेच. हिरवा, गळ्यात कंठ असलेला जो मिठू आजोळी पिंजऱ्यात असायचा, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळता येत नाही, विकता येत नाही आणि ‘पाहुण्यांनी दिला’ हे कारण चालत नाही. सिनेमातला पोपट घरच्यांची गुपितं फोडून कथा पुढे नेतो. घरातला पोपटसुद्धा फोडतो, पण ते बघायला पुढे कथा शिल्लक राहत नाही.

हत्तीसाठी एकच वाक्य पुरे. ‘हाथी मेरे साथी’ (१९७१) मधल्या रामूला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागला असता आणि हा आकडा ऐकून ऊस लावलेला शेतकरी स्वतःच रानात पळून जाईल.

यापुढच्या प्राण्याबद्दल विनोद जपूनच केलेला बरा. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला आणि वढूच्या समाधीस्थळी बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागली. त्या सिनेमातला सिंह संगणकावर तयार झाला होता. त्याला मांस लागलं नाही, पिंजरा लागला नाही, चित्रीकरण संपल्यावर तो फाइल बंद करून ठेवता आला. आपल्याकडे उसात जे आहे त्याची फाइल बंद होत नाही. शिरूर तालुक्यात बिबट्यानं लहान मुलांचा जीव घेतला आहे. ज्या घरात हे घडलं तिथं कुणी प्राणिप्रेमाचं व्याख्यान देऊ नये आणि कुणी रील बनवू नये. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आणि शेळ्यांच्या गोठ्याला छतासकट जाळी, हा या भागातला खरा पशुपालनाचा खर्च आहे; तो हस्कीच्या पिशवीआधी करावा.

मात्र एका प्रसंगासाठी सूचना द्यावीच लागते. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची बछडी सापडतात. डोळे जेमतेम उघडलेली, अगदी मांजराच्या पिल्लांसारखी. अशा वेळी पाहणाऱ्याच्या डोक्यात सिनेमातलं पार्श्वसंगीत वाजू लागतं: आपण हे बाटलीनं वाढवू, मोठं झाल्यावर ते आपल्या मागे मागे फिरेल. संगीत तिथंच थांबवावं. बछड्याला हात लावू नये, घरी नेऊ नये, फोटोसाठी मांडीवर घेऊ नये, आणि १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवावं. ते लोक आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच फडात खोक्यात ठेवतात. बहुतेक वेळा रात्रीतून आई येऊन एकेक तोंडात धरून घेऊन जाते. कॅमेऱ्यात हे टिपलं गेलेलं आहे आणि ते कुठल्याही सिनेमापेक्षा चांगलं आहे. बछडं घरी नेल्यास शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार. इतक्या वर्षांत ते मोठं होईल, पण तुम्ही त्याच्यासोबत नसाल.

एवढं सगळं नाकारल्यावर उरतं काय? उरतो बैल, आणि इथं मला मराठी सिनेमाची बाजू घ्यायची आहे. आपले दिग्दर्शक गोठ्यात जाऊन आले आहेत. ‘टिंग्या’ (२००८) मध्ये जखमी चितंग्याला विकू नका म्हणून पोरगं आक्रोश करतं आणि बाप वाईट नसतो, कर्जात असतो. त्या पोराचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बैलाला मिळाला नाही, तरी त्यानंही काम चोख केलं होतं. त्याच वर्षी आलेल्या ‘वळू’मधला डुरक्या देवाला सोडलेला, म्हणजे सगळ्या गावाचा. म्हणजेच कुणाच्या दावणीचा नाही. गावात काही मोडलं की डुरक्यानं मोडलं. त्याला धरायला शेवटी वनखात्याचा साहेब बोलवावा लागतो. ‘आमच्या सोसायटीचा कुत्रा’ म्हणणाऱ्या सणसवाडीच्या नव्या इमारतींनी हा सिनेमा सक्तीनं दाखवावा.

पण बैल आणायचा कुठे, हा प्रश्न वढूत आता खरा आहे. गोठा पाडून तिथं कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या खोल्या उठल्या. खोलीचं भाडं महिन्याला येतं, बैल महिन्याला खातो. तरी शर्यतीचा नाद सुटत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधल्या सात-साडेसात वर्षांत कितीतरी घरांनी घाटात पळवता येत नसलेले बैल नुसते सांभाळले. दूध, अंडी, पीठ, मालिश, पायाला लेप. माणसाला चहा बिनसाखरेचा. हे वेडच आहे, मान्य. पण त्या माणसांची वही कोरी नव्हती. बैल कोणत्या वेळी पाणी पितो आणि कोणत्या कुशीवर बसतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात दात मोजताना असा माणूस भेटला तर त्याच्यामागे उभं राहून ऐकावं, पैसे लागत नाहीत.

सिनेमावाल्यांना प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते, डॉक्टर ठेवावा लागतो, आणि सुरुवातीला पाटी दाखवावी लागते की कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. घरासाठी असा नियम नाही. इच्छुकांनी स्वतःहून पाटी लावली तरी चालेल, फक्त ती खरी असावी. जनावर आजारी पडल्यास १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेवावा. मोबाईलमध्ये ठेवल्यास ऐन वेळी मोबाईल पोरानं सिनेमा बघायला नेलेला असतो.

आता राहिलं नाव. सिनेमात धन्नो, टफी, मोती, बादल अशी नावं शोभतात, कारण तिथं हाक मारणारा एकच आणि मागे संगीत असतं. तुम्हाला नदीकडच्या मोटारीच्या आवाजावरून हाक मारायची आहे, म्हणून नाव दोन अक्षरी आणि शेवटी लांबवता येणारं हवं. ‘टायगर’ ठेवू नये. अंधारात उसाच्या कडेला “टायगर आला, टायगर आला” ओरडलात तर सगळा वाडा काठ्या घेऊन येईल. ‘राजा’, ‘सोन्या’, ‘पिंट्या’ ठेवण्याआधी शेजारी चौकशी करावी. तिथं त्या नावाची माणसं असतात आणि एका हाकेला दोघं आले की पुढचं वर्षभर बोलणं बंद होतं. सरपंचांचं पाळण्यातलं नाव तर आवर्जून विचारून घ्यावं.