कोणाची कंबर धरली?

भाचा डॅलसहून आला आणि येताना रूट बिअरचे पाच डबे घेऊन आला. लोकांचे भाचे बदाम आणतात, चॉकलेटं आणतात, फार तर दाढीचं मशीन आणतात. आमच्याने पाच वेगवेगळ्या कंपन्यांची रूट बिअर आणली, कारण कोणती चांगली यावर त्याला हदगावच्या लोकांचं मत हवं होतं. हदगावात मत विचारावं लागत नाही, हे तो चार वर्षांत विसरला असावा.

मे महिना. पारा ४३ च्या पुढे, दुपारची लाइट गेलेली, आणि ओसरीवर पाच डब्यांभोवती आम्ही सात जण. भाच्याने चहाचे स्टीलचे पेले मांडले, मध्ये चूळ भरायला तांब्या ठेवला आणि वही-पेन माझ्या हातात दिलं. दहापैकी गुण द्यायचे. मी उभा जन्म पेपर तपासण्यात घालवला आहे. निवृत्तीनंतर पातळ पदार्थही तपासावे लागतील असं वाटलं नव्हतं.

पहिला डबा फोडला. फेस झकास आला. रंग कोरा चहा फार उकळल्यावर येतो तसा. मग वास आला आणि सगळे गप्प झाले. तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकातून आत आल्या, दोन पावलांवर थबकल्या आणि म्हणाल्या, "कसला वास येऊ लालाय रे? कोणाची कंबर धरली?"

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. अमेरिकेत विंटरग्रीन नावाचं एक झुडूप असतं. त्याच्या पानांच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि तेच आपल्याकडे दुखऱ्या अंगाला चोळायच्या मलमात घालतात. अमेरिकन पोरं ही चव लहानपणापासून पितात, म्हणून त्यांना एका घोटात बालपण आठवतं. आठवतं मलाही. पण मला आठवलं ते बैलगाडीवरून पडलो होतो त्या दिवसाचं.

गुण द्यायचं काम त्यामुळे सोपं झालं. पहिली कंबरेची. दुसरीत व्हॅनिला जास्त, गोडही जास्त. ती गुडघ्याला चालेल. तिसरीत ज्येष्ठमधाची चव, म्हणजे पाठ आणि खोकला एकाच पेल्यात. चौथीवर 'डाएट' लिहिलेलं. तिच्यातली साखर काढून घेतली होती, मलमाला हात लावला नव्हता. भाचा प्रत्येक घोटाला डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मामा, मागाहून येणारी चव बघा." मागाहून येणारी चव मी रात्री भाकरीबरोबरही बघितली.

वर म्हणे तिकडे यात आइस्क्रीमचा गोळा टाकून पितात.

पण चवीबद्दल माझी तक्रार नाही. ज्याची त्याची जीभ. तक्रार नावाबद्दल आहे. पाचवा डबा उघडणार तोच थोरले काका बाहेर आले. काका माळकरी. त्यांनी डबा उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि इंग्रजी अक्षरं एकेक करत लावली. मग डबा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"आजोबा, यात दारू नसते," भाचा म्हणाला.

"मग बिअर कामून म्हणतेत?"

प्रश्न रास्त होता, आणि तो पहिल्यांदा काकांनी विचारलेला नाही. चार्ल्स हायर्स नावाचा फिलाडेल्फियाचा एक औषधविक्या. त्याने १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात हे पेय लोकांसमोर आणलं. तो स्वतः दारूच्या विरोधातला. त्याला म्हणे 'रूट टी', म्हणजे मुळांचा चहा, असं साधं नाव द्यायचं होतं. पण खाणीतले मजूर चहा कशाला पितील, बिअर म्हण, असा सल्ला एका हितचिंतकाने दिला. सल्ला चालला. इतका चालला की १८९५ मध्ये तिथल्या बायकांच्या दारूबंदी संघटनेने त्याच्यावर बहिष्कार टाकला. पुढे प्रयोगशाळेने तपासून सांगितलं, अर्ध्या पावात जेवढा मद्यार्क सापडतो तेवढाच या बाटलीत आहे. तेव्हा कुठे १८९८ मध्ये बहिष्कार उठला. बायकांना तीन वर्षं लागली. काका अजून विचार करताहेत.

बरं, नावातला दुसरा शब्द तरी खरा असावा? मूळ चव ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीची. त्या सालीतलं सॅफ्रोल अपायकारक निघालं म्हणून १९६० मध्ये अमेरिकी सरकारने खाण्यापिण्यात ते घालायला बंदी केली. आता बहुतेक डब्यांत चव कृत्रिम असते. म्हणजे रूटही नाही आणि बिअरही नाही. दोन शब्दांच्या उत्तरात दोन्ही शब्द चुकीचे लिहिणारा विद्यार्थी मी नापास केला असता.

काका आत गेले. जेवण झालं होतं, औषधाची वेळ झाली होती. खाज येते म्हणून वैद्यांनी त्यांना सारिवाद्यासव दिलं आहे. दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. सारिवा म्हणजे उपळसरी, अनंतमूळ. तेही मूळच. ते गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवतात, आणि आंबवल्यावर त्यात जे तयार होतं ते बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: स्वयंनिर्मित मद्यार्क, ५ ते १० टक्के. साध्या बिअरमध्ये तो पाचच्या आसपास असतो. मी बाटली उचलून हे मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी शांतपणे दुसरा चमचा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "ते औषध आहे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

उपळसरीचं नाव निघालं तशी मला खुमखुमी आली. म्हटलं, पोराला आपलं मूळ दाखवू. इंग्रज याच वेलीला 'इंडियन सार्सापरिला' म्हणायचे. तमिळ मुलखात हिचं सरबत नन्नारी म्हणून विकतात, आंध्र-तेलंगणात सुगंधी म्हणून. म्हणजे किनवटच्या पलीकडे गेलं की लोक ते तहान लागली म्हणून पितात. इकडे मी जडीबुटीच्या दुकानात पावशेर मुळ्या मागितल्या, तर दुकानदाराने विचारलं, "रक्त बिघडलं का?" नाही म्हटलं. "मग उन्हाळी लागली?" तीही नाही म्हटलं. सरबताला पाहिजे म्हटल्यावर त्याने वजन करता करता दोनदा माझ्याकडे बघितलं.

मुळ्या धुऊन ठेचल्या, रात्रभर भिजवल्या, उकळल्या, साखर आणि लिंबू घातलं. व्हॅनिलासारखा वास घरभर सुटला, कारण या मुळातलं सुगंधी द्रव्य हे व्हॅनिलातल्या द्रव्याचं सख्खं भावंड आहे. वर गोटी सोडा ओतला. गोटी आत ढकलायला भाच्याला तीन अंगठे लागले, त्यातला एक माझा. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, आणि मी कान टवकारले.

"मामा," तो म्हणाला, "अगदी रूट बिअर!"

याला मी वहीत शून्य दिलं. पेयाला नाही, भाच्याला.

तो गेला. रिकामे डबे बायकोने घंटागाडीत टाकले. गाडीवाल्याने डबे बघितले, मग मला बघितलं, आणि तेव्हापासून तो मला 'सर' न म्हणता 'भाऊ' म्हणतो. पाचवा डबा न उघडता राहिला आहे. फेकवत नाही, परदेशातून आलेला. पाहुणेरावळे पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडतात, आणि 'बिअर' ही अक्षरं डब्यावर चांगली बोटभर उंच आहेत. म्हणून बायकोने तो कालच्या पेपरात नीट गुंडाळून, वर रबर लावून, ताकाच्या भांड्यामागे ठेवला आहे.