नमुना

आमच्या हिच्या मेतकुटाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, म्हणून निवृत्तीनंतर मी ते ऑनलाइन विकायचं ठरवलं. मेतकूट तिचं, कल्पना माझी. म्हणजे धंद्यातलं अवघड काम झालंच होतं. उरली होती किरकोळ वेबसाइट.

त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा सापडला. वय तेवीस, पाठीवर सॅक, बोलणं मोजकं. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "काका, स्कोप काय आहे?"

"अरे, प्रचंड स्कोप आहे!" मी म्हणालो. "पार अमेरिकेपर्यंत."

तो लॅपटॉपकडे बघत बराच वेळ गप्प बसला. त्याला कामाची व्याप्ती हवी होती, हे मला दुसऱ्या चहाला कळलं. व्याप्ती मी एका दमात सांगितली : ॲमेझॉनसारखी, पण साधी.

त्याने पन्नास हजार सांगितले. मी मंडईतल्या सवयीने "पंधराला दे" म्हणालो.

"पंधरात नमुना होईल. फिग्मात चित्रं करतो, बटण दाबलं की पुढचं चित्र येतं."

नमुना म्हणताच मी त्याला नीट न्याहाळलं. तोही मलाच न्याहाळत होता.

एका वकील मित्राने मध्येच भर घातली. लेखी करार नसेल तर बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. हक्क लिहून घेताना मुदत घालायला विसरलात, तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. म्हणजे घर आपण बांधायचं आणि किल्ली गवंड्याच्या कमरेला! पंधरा हजारांच्या चित्रांसाठी मी पाचशेचा स्टॅम्पपेपर आणला.

मग पोराने आमची तोंडी परीक्षा घेतली.

"सव्वा किलो हवं असेल तर?"

"द्यायचं," मी म्हणालो. "नाही द्यायचं," ही आतून म्हणाली. "मला पाकिटं फोडायची नाहीत."

"माल संपला तर?"

"संपला तर संपला. शेजारून का आणू?"

"जाळी धरली म्हणून परत पाठवलं तर?"

ही झारा घेऊनच बाहेर आली. "माझ्या मेतकुटाला जाळी धरत नाही."

त्याने शांतपणे टाइप केलं : 'माल परत घेण्याचे नियम – जाळी धरत नाही.'

आठ दिवसांनी नमुना आला. हिरव्या केळीच्या पानावर मऊ भात, वर मेतकूट, तुपाची धार. 'विकत घ्या' दाबलं की 'धन्यवाद! तुमची ऑर्डर मिळाली.' मी भारावलो आणि कुणालाही न विचारता ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

सहाव्या दिवशी सांगलीहून आक्काचा फोन. "मेतकूट कुठाय रे? दोनदा दाबलं मी."

चौकशीअंती कळलं, अकरा जणांनी दाबलं होतं. मी भाच्याला गाठलं.

"काका, नमुना आहे तो. ऑर्डर कुठेच जात नाही."

"मग धन्यवाद कशाला म्हणतो?"

यावर त्याने मला गोष्ट सांगितली. १९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या गृहस्थाने दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि नेटवर टाकले. कुणी मागवले की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला घेऊन पाठवायचे. लोक घालून न बघता बूट घेतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याची झॅपोस कंपनी पुढे २००९ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली.

"त्यात काय एवढं," ही म्हणाली. "मीसुद्धा आधी वाटीभर मिक्सरवर दळून भातावर घालून बघते. मेथी जास्त झाली तर वाटीभरच वाया जातं. मग पाच किलो गिरणीत." भाच्याने तिच्याकडे ज्या आदराने पाहिलं, त्या आदराने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दोघांचं मेतकूट तिथेच जमलं.

हिने अकराही ऑर्डरी वहीत उतरवल्या, हरभऱ्याची डाळ भाजायला घेतली आणि मला पाकिटांवर पत्ते लिहायला बसवलं. वेबसाइटचं पुढचं काम ती दोघं बघतात. स्टॅम्पपेपर माझ्याकडे आहे.

ती लिंक तुमच्यापर्यंत आली असेल तर खुशाल दाबा, धन्यवाद नक्की येईल. मेतकूट हवं असेल तर मात्र संध्याकाळी पाचनंतर फोन करा, आणि मी उचलला तर हिला द्यायला सांगा.