धनकोपंत

सरकारने कर्ज काढले ते आपल्याच खाजगी तिजोरीतून, आणि तेही आपली संमती न घेता, अशी ज्यांची अढळ श्रद्धा असते असे एक गृहस्थ प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक गोतावळ्यात असतातच. तेव्हा धनकोपंतांचा सविस्तर परिचय करून देण्याचे कारण नाही. हे नाव आमच्या मंडळींनी ठेवलेले आहे आणि त्यांना ते मनापासून आवडते. हिशेबतपासणीच्या खात्यात उभी हयात काढून ते निवृत्त झाले, परंतु नोकरी संपली तरी तपासणी संपली नाही; तिचे कार्यक्षेत्र तेवढे एका कचेरीवरून अखिल भारतवर्षापर्यंत विस्तारले.

परवा एका बारशाला कानात कुर्र करून झाले होते, सुवासिनी पाळणा म्हणण्याच्या तयारीत होत्या, आणि बाळाचे आजोबा कौतुकाने म्हणाले की, याच्या पिढीला रस्ते काय मिळतील, पूल काय मिळतील! पंतांनी पाळण्यात वाकून त्या नवजात करदात्याकडे करुणेने पाहिले आणि विचारले, "मिळतील हो. आणि व्याज?"

हा प्रश्न त्यांनी कोठे विचारला नाही? व्याख्यानमालेत एक नामांकित वक्ते मराठ्यांचे झेंडे अटकेपार नेत होते, श्रोतृवृंद रोमांचित झाला होता, तोच तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "आणि व्याज?" राघोबादादांची ती उत्तरेची स्वारी सुमारे ८० लाखांचे कर्ज घेऊन परतली आणि त्यावरून सदाशिवरावभाऊंचे व दादांचे बिनसले, हा इतिहास वक्त्यांनाही ठाऊक असावा, पण टाळ्यांच्या ऐन घटकेला तो कोण आठवतो? पहिल्या बाजीरावांचा पराक्रम पंत मान्य करतात, मात्र सावकारांच्या तगाद्याने गांजून त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांचा दाखला दिल्यावाचून नव्हे. त्यांच्या लेखी पेशवाईत पुरुष एकच झाला, थोरले माधवराव. कारण मृत्यू समोर दिसत असता राज्याचे कर्ज फेडण्याची तजवीज करू पाहणारा राज्यकर्ता त्यांना दुसरा सापडलेला नाही. पुण्याच्या मेट्रोला युरोपीय गुंतवणूक बँकेचे कर्ज आहे हे कळल्यापासून ते तीत अंग चोरून बसतात.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी १२०० कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा योजिला गेला, तेव्हा १९५५ साली अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात भिन्नमतपत्रिका जोडणारे एकटे बी. आर. शेणॉय, त्यांची तसबीर पंतांच्या देवघराशेजारी आहे. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या विद्वत्तेविषयी त्यांना नितांत आदर आहे, पण ज्याने मेघदूत मराठीत आणले त्याला यक्षाच्या कथेचा विसर पडावा याचे वैषम्य त्याहून मोठे आहे. कुबेराच्या चाकरीत कुचराई केली म्हणून यक्षाला वर्षभर हद्दपार व्हावे लागले. हा कायदा दिल्लीच्या अर्थखात्याला लावला असता तर रामटेकवर उभे राहायला जागा उरली नसती, असे ते म्हणतात. २००३ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला, त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. २००७-०८ मध्ये केंद्राची तूट अडीच टक्क्यांच्या आसपास उतरली आणि पुढल्याच वर्षी सहा टक्क्यांवर गेली, तेव्हा ते पेढे 'येणे' म्हणून वहीत चढले. माझ्या नावावर अद्याप दोन आहेत.

या व्यासंगातून त्यांना एक मित्र लाभला. वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत सांगलीचे एक निवृत्त अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यांना नेमाने खोडून काढीत. पुढे संपादक कंटाळले, पण हे दोघे कंटाळले नाहीत, आणि वाद पोस्टकार्डांवर सुरू राहिला. प्राध्यापक केन्सचे निष्ठावंत. त्यांचे म्हणणे असे की, माणूस मरतो म्हणून त्याचे कर्ज मुदतीत फिटावे लागते, राज्यसंस्था मरत नाही. शिवाय देशांतर्गत कर्ज म्हणजे आपणच आपले देणे लागतो. पंत उलट लिहीत की, देणारा करदाता निराळा आणि घेणारा रोखेधारक निराळा, यांना 'आपण' म्हणणे ही लबाडी होय. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात व्याजापायी सुमारे पावणेतेरा लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा, हे त्यांनी तांबड्या शाईत कळविले. उलटटपाली उत्तर आले: "व्याज कोण भरतो हे आपण नेहमी विचारता, खातो कोण, हेही एकदा सांगावे. टपाल कचेरीतील आपली ज्येष्ठ नागरिक बचत ठेव अखेर कोणाच्या कर्जात जाते?" पंत आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मात्र तिमाहीचे व्याज मिळण्याच्या दिवशी रांगेत पहिले उभे होते तेच.

हा माणूस हास्यास्पद आहे, हे मी पुष्कळ दिवस म्हणत आलो आणि आजही म्हणतो. परंतु १९९१ साली सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून विलायतेला गेले, तेव्हा माझ्या माहितीच्या सर्व विद्वानांनी त्यावर लेख लिहिले आणि एकट्या या गृहस्थाने घरातली पाटली मोडल्याप्रमाणे रात्रीचे जेवण टाकले. राष्ट्राची लाज स्वतःच्या खात्यावर लिहून घेणारे लोक फार नसतात, हे नाइलाजाने कबूल करणे भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात प्राध्यापक आजारी पडले, तेव्हा पंत रोख रक्कम घेऊन सांगलीला गेले आणि ना चिठ्ठी ना चपाटी, ती देऊन आले. प्राध्यापक गेल्यावर त्यांचे चिरंजीव पैसे परत करायला आले; पंतांनी वही काढून दाखविली, तीत अशी नोंदच नव्हती. चिरंजीव म्हणाले, "काका, बाबांच्या वहीत तारखेनिशी आहे." जन्मभर कर्जाचे मंडन केलेल्याने पै न् पै टिपून ठेवली होती आणि कर्जाच्या वैऱ्याने काहीच नाही. रक्कम नाइलाजाने स्वीकारली गेली. मग त्या सरळ मुलाने, काही ठाऊक नसताना, विचारले, "आणि व्याज?"

"ते वेळच्या वेळी पोचत होते," पंत म्हणाले.

अलीकडे त्यांच्याशी वाद घालण्याचा आम्ही प्रयत्न करतो, पण आमचे अर्थशास्त्र तोकडे पडते आणि ते फार लवकर जिंकतात. जिंकल्यावर त्यांचा चेहरा पाहवत नाही. तरी तुटीच्या अर्थभरण्याचा कोणी जाणकार कैवारी वाचकांत असेल, तर त्याने या संपादकांमार्फत पंतांना एक पोस्टकार्ड अवश्य लिहावे. भाषा कडक असावी, आकडे बिनचूक असावेत, आणि उत्तरासाठी तिकीट मुळीच पाठवू नये. ते त्याला कर्ज समजतील.